मलिक अंबर: पाथरीच्या घराण्याची सत्ता सावरणारा आफ्रिकी

अमेरिकेत फेब्रुवारीत, तर ब्रिटनमध्ये ऑक्टोबरमध्ये 'ब्लॅक हिस्टरी मंथ' साजरा होतो. व्याख्यानं, संगीत, प्रदर्शनं भरतात. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये एका आठवड्यापासून याची सुरुवात केली. पाठ्यपुस्तकांनी वगळलेला कृष्णवर्णीयांचा इतिहास लोकांपर्यंत नेणं, हा हेतू होता.

पाथरीचा याच्याशी काय संबंध?

इतिहासकार फरिश्ता याच्या नोंदीनुसार अहमदनगरच्या निजामशाहांचे पूर्वज परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे कुलकर्णी होते. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर जिंकलं. त्यानंतर निजामशाही सावरली ती मलिक अंबरने. तो मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि अनेक मालक बदलत दख्खनमध्ये पोहोचला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पायाही त्यानेच 'खडकी' या नावाने घातला आणि शहराला पाणी देणारी नहर बांधली.

हा वारसा कुठे साजरा होतो?

गुजरातमधल्या रतनपूरला बाबा गोर यांच्या दर्ग्यावर आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज 'धमाल' नृत्य करतो.

मराठवाड्यात असा कार्यक्रम करायचा, तर जागा शोधावी लागणार नाही. खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. १६२६ मध्ये त्याचं निधन झालं. २०२६ हे त्याचं चारशेवं स्मृतिवर्ष. मात्र तिथे पराक्रमासोबत गुलामांच्या बाजाराचीही गोष्ट सांगावी लागेल. तीच वगळली, तर वुडसन यांचा हेतू बाजूला राहील.