एका जीआरचं वजन

22 जून 2015. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा जीआर निघाला. मागणी साधीच: प्रत्येक मूल शिकलं पाहिजे. ही मुलं किती, ते एकदा मांडून बघू या.

राज्यात शाळा लाखाच्या वर, विद्यार्थी दोन कोटींच्या वर. वरचे सोडा, दोनच कोटी धरा. मीटर-मीटरवर हात धरून उभे केले तर रांग 20 हजार किलोमीटर! मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं, तर 66 वेळा जाऊन-येऊन वर शेपूट उरतंच. लोकलमध्ये कोंबायचे? खच्चून भरलेल्या गाडीत पाच हजार, म्हणजे 4 हजार गाड्या. मध्य आणि पश्चिम मिळून दिवसाला होतात साधारण 3,200 फेऱ्या. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत सगळ्या भरल्या, तरी 40 लाख पोरं फलाटावरच!

आता खिचडी. शालेय पोषण आहारात सगळी मुलं नाहीत, कोटीभर धरू. पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150. सगळ्यांना शंभरच दिला तरी दिवसाला 1 हजार टन. पन्नास किलोची 20 हजार पोती! आणि ती एका दिवसात फस्त. त्याची नोंद ठेवायची कुणी? अर्थात गुरुजींनी.

त्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटचं नाव राज्यभर गाजत होतं. ज्ञानरचनावादी वर्ग बघायला लांबलांबून शिक्षक यायचे. फरशीवर रंगाने आखलेले तक्ते, मुलांच्या हातात दशकाचे गठ्ठे: दहा काड्या, वर रबरबँड. तेच राज्यभर करायचं म्हणा. जिल्हा परिषदेच्या साठ हजार शाळा, शाळेमागे हजार काड्या, बोटाएवढी दहा सेंटिमीटरची एक. टोकाला टोक लावा: 6 हजार किलोमीटर. मुंबई-पुणे 40 वेळा, नुसत्या काड्यांचं!

पण हे सगळं किरकोळ. खरी मजा वाचनात आहे. प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घ्यायचा, पाच मिनिटं. झाली 10 कोटी मिनिटं. एकाच माणसाने, न झोपता, न जेवता, किती काळ बसायचं? 190 वर्षं! 1 जानेवारी 1848 ला पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा भरली. त्या सकाळी ऐकायला बसलेला गुरुजी उठेल 2038 साली.

घाबरू नका. शिक्षक सात लाखांच्या वर आहेत. भागाकार करा: एकाच्या वाट्याला 29 मुलं, 145 मिनिटं. 190 वर्षांचं काम जेवणाच्या सुट्टीच्या आत खलास! कागदावर हा हिशोब इथेच मिटतो.

गावात मिटत नाही. आरटीईप्रमाणे प्राथमिकला साठ पटापर्यंत दोनच शिक्षक. त्यातले एक गुरुजी केंद्रावर प्रशिक्षणाला गेलेले. उरलेल्या एकापुढे चार वर्ग, साठ पोरं, 300 मिनिटं. अख्खा दिवस नुसता उतारा ऐकण्यात. गणित उद्या, तेही सर परत आले तर.