रकाना, मजकूर आणि जागेचा हिशेब

इ. स. १८०५ मध्ये मिरजेस, मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. मराठी मुलखातील मुद्रणाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख आदराने केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या कारागिराच्या कामातील जो अंश मला सर्वांत विलक्षण वाटतो तो अक्षरांचे सौष्ठव हा नव्हे, तर जागेचा हिशेब हा होय. अक्षर उलटे कोरावयाचे आणि एकदा कोरलेली रेघ सहजी मिटवता यावयाची नाही, अशा स्थितीत श्लोक कोठे संपेल, ओळ कोठे मोडेल, समास किती राहील, हे सारे कोरणी पत्र्याला लागण्यापूर्वीच मुक्रर करावे लागते. संगणकाच्या आज्ञावलीत मजकूर बाहेर पाठविण्यापूर्वी त्याची जी मांडणी केली जाते, तिचेही मर्म हेच आहे.

या मांडणीसाठी स्मृतीमध्ये मोजून राखून ठेवलेली जी जागा असते तिला बफर म्हणतात. त्या जागेत काय आणि कोणत्या क्रमाने उतरावयाचे याचा एक नमुना आज्ञावलीकार लिहून ठेवतो. नमुन्यातील काही शब्द स्थिर असतात, काही ठिकाणी रिकामे रकाने असतात, आणि आज्ञावली चालू होताच प्रत्यक्ष मूल्ये त्या रकान्यांत येऊन बसतात. सातारा-सांगलीकडील ज्या शेतकऱ्याने सातबारा हाताळला आहे त्याला ही कल्पना नवी नाही. गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांतील शीर्षके कायम असतात. भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार आणि फेरफार क्रमांक तेवढे गटागणिक बदलतात. तलाठ्याच्या हस्ताक्षराच्या काळी लांब नाव किंचित बारीक अक्षरांत दाटून बसविता येत असे. यंत्राला असा विवेक नसतो. तो नमुन्यातच लिहून द्यावा लागतो.

क्षेत्राचा रकाना पाहिला म्हणजे या विवेकाचे मोल कळते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर असे टिंबांनी विभागून लिहितात. शंभर चौरस मीटरांचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर. चार आर पाच चौरस मीटर जमीन असेल तर ती ०.०४.०५ अशीच उमटली पाहिजे. आर व चौरस मीटर हे रकाने दोन अंकी असून डावीकडची उणीव शून्याने भरावी, एवढा हुकूम नमुन्यात लिहावयाचा राहिला, तर तेच क्षेत्र ०.४.५ असे छापले जाईल, आणि वाचणारा ते चाळीस आर पन्नास चौरस मीटर असे समजू शकेल. म्हणजे ४०५ चौरस मीटरांचे ४०५० झाले. चार गुंठ्यांचे एकर झाले. मूळ नोंद बिनचूक, बेरीज बिनचूक, आणि केवळ मांडणीतील एका शून्याच्या अभावी वादाचे बीज पेरले गेले.

ही विद्या संगणकभाषांइतकीच जुनी आहे. १९५७ साली आयबीएमच्या ७०४ या यंत्राकरिता सिद्ध झालेल्या फोरट्रान भाषेत ‘फॉरमॅट’ हे स्वतंत्र विधानच होते. फोरट्रान ७७ च्या प्रमाणकाप्रमाणे आकडा नेमून दिलेल्या रकान्यात मावला नाही, तर आकडा न छापता सगळा रकाना तारकांनी भरला जातो. उलट सी भाषेत रकाना आपोआप रुंदावतो आणि शेजारचे रकाने पुढे सरकतात. महसुली दस्तऐवजाला मला फोरट्रानची रीत अधिक प्रशस्त वाटते, कारण तारका पाहून मनुष्य थबकतो आणि चौकशी करतो.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली, आणि तिच्यातील प्रिंटएफ या कार्याची रकाने सांगण्याची पद्धत पुढे कित्येक भाषांनी उचलली. त्याचे भावंड एसप्रिंटएफ मजकूर पडद्यावर न पाठविता बफरमध्ये लिहिते. पण ते बफर केवढे आहे हे विचारीत नाही, आणि मजकूर लांबला तर हद्द ओलांडून शेजारच्या स्मृतीवर लिहीत सुटते. अशा अतिक्रमणाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात हे जगाने नोव्हेंबर १९८८ मध्ये पाहिले. मॉरिस याच्या नावाने ओळखला जाणारा आज्ञावलीरूपी किडा तेव्हा इंटरनेटवर पसरला, आणि त्याच्या प्रवेशाचा एक मार्ग ५१२ बाइटांच्या एका बफरातून होता. तेथे दोषी ठरलेले कार्य वाचनाचे होते, लेखनाचे नव्हे, परंतु न मोजण्याचा अपराध तोच.

यावर सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात एसएनप्रिंटएफ आले. त्याला जागेचे माप आगाऊ सांगावे लागते आणि ते त्या मापाबाहेर एक बाइटही लिहीत नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याचा जबाब: किती लिहिले हे न सांगता, पुरती जागा असती तर किती लिहिले गेले असते, हे ते सांगते. म्हणून प्रथम शून्य जागा देऊन नुसते माप विचारावे, तेवढी जागा मिळवावी, आणि मग प्रत्यक्ष लिहावे, अशी तजवीज करता येते. हा जबाब न वाचताच पुढे जाणारे आज्ञावलीकार थोडे नाहीत, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत ही हेळसांड विशेष महाग पडते.

यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सातारा या नावात तीन व्यंजने व तीन काने, म्हणजे सहा चिन्हे व अठरा बाइट. सांगली या नावाचाही हिशेब नेमका तोच. आता दहा बाइटांच्या बफरात सातारा लिहावयास सांगितले, तर मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी येणाऱ्या शून्याचा एक बाइट वगळून नऊ उरतात, आणि त्यांत मावते ते ‘सात’. अर्थपूर्ण, शुद्ध आणि सर्वस्वी चुकीचे! जबाब मात्र अठरा असा येतो. तो वाचला असता तर चूक तत्क्षणी ध्यानात आली असती. बफर अकरा बाइटांचे असते तर पुढच्या कान्याचा एक तृतीयांश तुकडा तेवढा आत आला असता, आणि छापताना त्या जागी निरर्थक खूण उमटली असती.

स्तंभ जुळविण्यातही हाच घोटाळा होतो. वीस बाइटांच्या रकान्यात सातारा लिहिल्यावर दोन रिकाम्या जागा भरल्या जातात, तर चार चिन्हांच्या मिरज या नावापुढे आठ. वस्तुतः दोन्ही नावे तीन अक्षरांचीच. कऱ्हाडची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारे नावाचे अठरा बाइट होतात, दुसऱ्या प्रकारे एक अदृश्य जोडचिन्ह मध्ये येऊन एकवीस. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड एकसारखीच दिसतात, पण पहिल्यापुढे दोन जागा सुटतात आणि दुसरे आपल्या रकान्याबाहेर जाऊन पुढचा आकडा ढकलते.

अक्षर म्हणजे काय हे यंत्राला सांगण्याचा प्रयत्न युनिकोडने पुष्कळ काळ चालविला आहे. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपूर्वी त्याच्या सर्वसाधारण नियमाने ‘क्षेत्र’ या शब्दाचे चार तुकडे पडत. आता जोडाक्षर अखंड राहते आणि आपण बोटांवर मोजतो तशी दोनच अक्षरे भरतात. मजकूर तोडावयाचाच झाला तर याच सीमेवर तोडावा. रुंदीचा प्रश्न मात्र अक्षरे मोजूनही सुटत नाही, कारण ‘र’ आणि ‘क्ष्मी’ कागदावर सारखी जागा अडवीत नाहीत. तेव्हा देवनागरीचे तक्ते रिकाम्या जागा भरून जुळविण्याचा प्रघात सोडून प्रत्येक रकान्याची कड पानावर प्रथम ठरवावी आणि मजकुराची रुंदी निवडलेल्या टंकातच मोजून तो तेथून रेखाटावा, हे उत्तम.