सोयाबीनचा भाव आणि मधला कारखानदार

परदेशी व्यापार हा बंदरांवरच्या पेढ्यांचा विषय. आपल्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्याला त्याचे काय, असा समज अनेकांचा असतो. धाराशिवचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आपले तेर म्हणजेच प्राचीन तगर. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात सापडते. आज कापडाच्या जागी सोयाबीन आले आहे.

सोयाबीनच्या एका क्विंटलातून सुमारे 18 किलो तेल निघते. उरते ती बहुतेक पेंड. म्हणजे गाळप करणाऱ्याला एकाच दाण्यासाठी दोन बाजार सांभाळावे लागतात. तेलाचा भाव इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाकडे पाहून हलतो, तर पेंडीचा भाव ब्राझील-अर्जेंटिनाच्या मालाकडे पाहून.

या दोन दोरांची ओढ कशी असते ते पाहू. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलांवर 20 टक्के मूळ आयातशुल्क बसविले. तेल महागले, पण जगात पेंड स्वस्त होती. त्यामुळे त्या हंगामात बाजारातील सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले. मे 2025 च्या अखेरीस हेच शुल्क 10 टक्क्यांवर आले आणि हिशेब पुन्हा बदलला. बडी कंपनी परदेशी तेल बंदरावरच शुद्ध करून निभावते. लहान घाणा गावच्या गिऱ्हाइकावर चालतो. कोंडी होते ती मधल्याची. त्यातच डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे स्थगित झाले आणि पुढचा भाव आज बांधून घेण्याची सोयही गेली.

मग मधल्याने काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी. जेवढे तेल व पेंड विकली, त्या बेताचेच सोयाबीन घ्यावे. तेजीच्या आशेवर कोठार भरू नये. केवळ तेल-पेंडीवर न थांबता सोयापीठ, सोयावडी असा खाण्याचा मालही करावा. आणि आपले सोयाबीन जनुकबदल न केलेले आहे, याची शेतापासून नोंद ठेवावी. परदेशातील काही गिऱ्हाईक त्यासाठी अधिक दाम मोजते.

चौथा मार्ग सर्वांत सोपा आहे: तोटा शेतकऱ्याच्या काट्यावर उतरविणे. त्याने एखादे वर्ष निभेल. परंतु पेरणाऱ्यानेच पीक बदलले, तर कारखाना कशावर चालणार? जगाचा भाव आपल्या हाती नाही. तोट्याची वाटणी मात्र आहे.