शक्तिरोहित्र, नलिका विवर्धकाचे
गिटारच्या नलिका विवर्धक जुळणी-संचातील जळालेले शक्तिरोहित्र बदलताना मूळ मंडल पाहावे लागते. उदा., फेंडर ‘चॅम्प’ ५एफ१ या १९५० नंतरच्या दशकातील मंडलात उच्च दाबाची गुंडाळी ३२५–०–३२५ व्होल्ट असते. १२एएक्स७ व ६व्ही६ यांच्या तापकांस ६·३ व्होल्टला एकूण ०·७५ अँपिअर प्रवाह लागतो. ही गुंडाळी अधिक क्षमतेची असल्यास बिघडत नाही. नलिका हवा तेवढाच प्रवाह घेते. उच्च दाब वाढणे मात्र घातक असून अधिक दाब म्हणजे अधिक आवाज ही समजूत महाग पडते. ५वाय३ या एकदिशकारक नलिकेऐवजी सिलिकॉन डायोड वापरल्यासही ६व्ही६ च्या पट्टिकेवरील दाब ३५० व्होल्टची मर्यादा ओलांडू शकतो. केवळ ६० हर्ट्‌झसाठी बनविलेले अमेरिकी रोहित्र भारतात दाब उतरवून वापरले, तरी ५० हर्ट्‌झला गाभ्यातील चुंबकीय स्रोत २० टक्क्यांनी वाढून ते तापते.