ओल कुठून येते

गिरिराज कोंबड्यांची २५ पिल्लं खोक्यातून घरात आली की पहिले दोन दिवस सगळं घर त्यांच्याभोवती. चौथ्या दिवशी कुणीतरी नाक मुरडतं आणि ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी, रोज धुऊन काढायचा बेत ठरतो. तो बेत चुकीचा आहे. घाण म्हणजे विष्ठा, असं आपण धरून चालतो. पिल्लांचं खरं वाकडं ओलीशी.

कोरड्या तुसावर पडलेली विष्ठा सुकते, खाली मिसळून जाते. तीच ओल्या तुसावर पडली की जिवाणू तिच्यातलं यूरिक आम्ल फोडतात आणि अमोनिया सुटतो. उभ्यानं आपल्याला तो जाणवत नाही, पण पिल्लू जगतं जमिनीपासून चार बोटांवर. म्हणून दिवसातून एकदा उकिडवं बसावं, नाक तुसाजवळ न्यावं. डोळे चुरचुरले तर उशीर झालाय.

रक्ती हगवणीचंही तसंच. ती लावणाऱ्या कॉक्सिडियाचे बीजकोश विष्ठेतून पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात; ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात. ऊब तर आपणच देतो, पहिल्या आठवड्यात बल्बखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस. हवा कोंडून चालत नाही. उरली ओल.

ती येते मुख्यतः पाण्याच्या भांड्यातून. पिल्लं त्यात पाय घालतात, तूस उकरून टाकतात, कलंडवतात. पहिला दिवस भांडं खालीच असू द्यावं, पाणी कुठंय ते त्यांना कळायला हवं. मग लाकडी ठोकळ्यावर चढवावं, कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येईल इतकं; पिल्लं वाढतील तसा ठोकळाही वाढवायचा. पाणी दिवसातून दोनदा बदलावं. नुसतं विसळून भागत नाही, आतला बुळबुळीत थर घासूनच जातो.

खाली भाताचं तूस किंवा रंध्याचा भुसा, दोन इंच जाडीचा. पहिले दोन-तीन दिवस पिल्लं तूसच खाद्य समजून टिपतात, म्हणून वर खरबरीत कागद अंथरावा. वर्तमानपत्राची रद्दी नको. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, आणि फाकलेले पाय सहजी सरळ होत नाहीत. तूस मुठीत दाबून पाहावं. गोळा तसाच राहिला तर फार ओलं, थोडं धरून सुटलं तर ठीक. ओला भाग तेवढा उचलून तिथं नवं टाकायचं, बाकीचं रोज हातानं वरखाली करायचं.

एखाद्या पिल्लाचं बूड विष्ठेनं चिकटून बंद होतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मऊ करून पुसावं, ओढू नये. पोटाखालची नाळेची खपली मात्र विष्ठा समजून काढायला जाऊ नका.

पिल्लं हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत. धट्ट्याकट्ट्या पिल्लाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला येऊ शकतो. त्यांची भांडी मोरीत घासावीत, ओट्यावर नाही.

तुकडी बाहेर गेली की मगच ब्रूडर धुवायचा. आधी खरवडून साबणाचं पाणी, त्यानंतर ब्लीचिंग पावडरचं. मळावर ओतलेलं ब्लीच मळातच खर्ची पडतं. शेवटी दोन-तीन दिवस कडक ऊन. जुनं तूस खड्ड्यात कुजवून परसातल्या केळींना घालावं, ताजं घातलं तर मुळं जळतात.