गोटा टायर आणि कोरलेली नक्षी

मृगाची पहिली सर पडली, की जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या पारोळा चौफुलीपर्यंत टायरवाल्यांकडे एक काम हमखास निघते. गोटा झालेला टायर आडवा ठेवायचा, विजेवर तापलेली वाकडी पाती रबरात घालायची आणि काळ्या शेवया बाहेर काढत त्यावर नवी नक्षी कोरायची. तासाभरात टायर पुन्हा तरुण दिसू लागतो. 'दिसू लागतो' हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत.

बँकेच्या नोकरीत खान्देशातल्या शाखांमधून मी ट्रक-ट्रॅक्टरची पुष्कळ कर्जे हाताळली. तारणाची पाहणी करताना इंजिनातले मला फारसे कळत नसे, म्हणून मी चाकांकडे पाही. मालकाची खरी स्थिती ताळेबंदापेक्षा टायर अधिक प्रामाणिकपणे सांगतात. त्यातही मागच्या जोडचाकांतला आतला टायर. विचारले की उत्तर ठरलेले, "साहेब, आजून दोन महिना चाली जाई." त्या दोन महिन्यांत त्याला सावद्याची केळी दिल्लीकडे पोचवायची असत आणि आमचा हप्ताही भरायचा असे. त्याला बेफिकीर म्हणणे मला कधी जमले नाही.

पण पकड वाढते का, हा प्रश्न उरतोच. पुष्कळांना नवल वाटेल, पण कोरड्या डांबरावर नक्षी पकड वाढवत नाही. शर्यतीच्या मोटारी कोरड्या दिवशी साफ गुळगुळीत टायरवर धावतात. जितके रबर रस्त्याला टेकेल तितके बरे. नक्षी असते ती पाण्यासाठी. तिच्या खोल चऱ्या म्हणजे धाब्याच्या घराच्या पन्हाळी. पाण्याला वाट मिळाली नाही, तर चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही नावापुरते राहतात. 'नासा'ने विमानांच्या चाकांवरून याचा हिशेब मांडला आहे. ३० पौंड हवेच्या टायरला ताशी ९० किलोमीटरच्या सुमारास हे होऊ शकते. हवा जास्त, तर तो वेगही जास्त. म्हणून भरलेला ट्रक सहसा तरंगत नाही. त्याला घात करतो तो पहिल्या पावसातला रस्ता. उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ यांचा त्यावर राबडा होतो.

आता बारीक चिरांविषयी. अमेरिकेतल्या जॉन साइप याने १९२३ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्याने आधी बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या, अशी गोष्ट सांगतात. १९३५ मध्ये पॉल स्पेरीने होडीवर घालायचे बूट याच युक्तीने केले. त्याला ती सुचली बर्फावर न घसरणाऱ्या आपल्या कुत्र्याचे पंजे पाहून. चिरेची कड बर्फाला आणि पाण्याच्या पातळ थराला पकडते, हे खरे. नव्या मोटारीचा टायर नीट पाहा, कारखान्यानेच त्या पाडलेल्या असतात. मग आणखी पाडल्या तर? बर्फावर थोडा फायदा होतो. पण रबराचे ठोकळे जास्त लवचिक होतात, ब्रेक मारताना डुलतात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. जळगावात बर्फ पडत नाही, तेव्हा या भानगडीत आपण पडायचे कारण नाही.

आपल्याकडचे काम मात्र चिरांचे नाही, झिजलेल्या टायरवर पुन्हा खोल चऱ्या पाडण्याचे. ट्रकच्या काही टायरांना नक्षीखाली त्यासाठीच जादा रबर ठेवतात आणि तसे बाजूला छापतात. तिथे, मापात, जाणत्या हाताने हे काम झाले तर ती लबाडी नव्हे. मोटारसायकल, रिक्षा नि मोटारीच्या टायरला असे जादा रबर नसते. पाती थोडी खोल गेली की आतल्या धाग्यांपर्यंत पोचते, मग खडे आणि पाणी आत शिरतात. पावसात टिकला तरी हा टायर पुढच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, कधी फुटेल याचा नेम नाही. दुचाकीवर पुढे मूल, मागे बायको आणि डिक्कीत बाजार असतो, एवढे सांगितले की पुरे.

काळ्या मातीचे आणखी वेगळे. आपला चिखल कोणत्याही चिरेत क्षणात भरून बसतो आणि चाकाची भाकरी होते. तिथे ट्रॅक्टरच्या चाकासारखे उंच, लांब अंतरावरचे दात लागतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे नक्षीची खोली मोटारीला १.६ आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर तरी हवी. मोजपट्टी शोधायला नको. टायरच्या कडेला टी, डब्ल्यू, आय ही इंग्रजी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत चरीच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला. जुनी गाडी घेताना हा उंचवटा आधी शोधा. चऱ्या खोल आहेत आणि उंचवटे मात्र कुठेच नाहीत, असे दिसले तर विकणाऱ्याला विचारा, की नक्षी कारखान्यात काढली की चौफुलीवर.