जुन्या जीपच्या प्लगच्या वायरी : बसवणी व निगा

समुदाय विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला आणि पुढे विकास गटांच्या कामाबरोबर जीप गाडीही खेडोपाडी पोहोचली. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या बनावटीच्या गाड्या काही शेतकऱ्यांनी आजही जपून ठेवल्या आहेत. पहिला पाऊस पडला की यांतील एखादी गाडी झटके देऊ लागते, चढावर तिचा जोर कमी होतो आणि ऐन अडचणीच्या वेळी ती बंद पडते. मालक प्लग बदलतो, कार्बुरेटर साफ करवून घेतो. तरी दोष जात नाही. अशा वेळी प्लगकडे जाणाऱ्या वायरी अवश्य तपासाव्यात.

याचे कारण असे की, बॅटरीचा दाब ६ किंवा १२ व्होल्ट एवढाच असतो. इग्निशन कॉइल तो हजारो व्होल्टपर्यंत वाढविते व डिस्ट्रिब्युटर ती वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला पोहोचवितो. पाट फुटला म्हणजे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जात नाही, तद्वतच वायरीच्या आवरणास चीर पडली की वीज वाटेतच इंजिनाच्या लोखंडात उतरते आणि प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. ओलाव्याने ही गळती वाढते.

परीक्षा : अंधार पडल्यावर गाडी मोकळ्या जागी उभी करावी. पेट्रोल कोठे पाझरत नाही याची प्रथम खात्री करून घ्यावी. जवळपास कडबा वा गवत असू नये, कारण गळतीच्या ठिणगीने आग लागू शकते. नंतर इंजिन सुरू करून बॉनेट उघडावे. वायरीवर निळसर ठिणगी चमकल्यास तेथे चीर आहे असे समजावे. चालू इंजिनाच्या वायरीस हात लावू नये व अंगावरील उपरणे पंख्यापासून दूर ठेवावे.

बसवणी : इंजिन बंद करून निवू द्यावे. सर्व वायरी एकदम न काढता एक काढून त्याच जागी तेवढ्याच लांबीची नवी बसवावी, म्हणजे क्रम चुकत नाही. काढताना वायर न ओढता टोपी धरावी. या चार सिलिंडरच्या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा असून डिस्ट्रिब्युटरमधील रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. ३ व ४ या वायरींना लागोपाठ वीज मिळते; तशीच २ व १ यांनाही. म्हणून या जोड्या एकमेकींस चिकटवून बांधू नयेत. दोन्ही टोके आत घट्ट बसल्याची खात्री करावी.

निगा : वायर एक्झॉस्टच्या तप्त नळीपासून दूर ठेवावी, ती ताणलेली वा पंख्यापर्यंत लोंबणारी नसावी. तेल व ग्रीस यांनी रबर कुजते, सबब वायरी कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ नयेत. टोकांवरील रबरी टोप्या फाटल्यास त्वरित बदलाव्यात. गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवल्यास उंदीर वायरी कुरतडतात, हेही ध्यानात असावे. चिरलेल्या वायरीवर चिकटपट्टी गुंडाळणे हा केवळ घरी पोहोचण्यापुरता उपाय होय.

मृग निघण्यापूर्वी ही तपासणी उरकावी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील गाडीमालकांस ती एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. रात्री-अपरात्री रुग्णास दवाखान्यात नेण्यास गावात तीच एक गाडी असेल, तर एका चिरलेल्या वायरीपायी ती वाटेत अडता कामा नये.